जलरंगातल्या इलस्ट्रेशनसाठी कागद निवडताना: छपाईपासून मागे येत

जलरंगासाठी कोणता कागद घ्यावा असं कुणालाही विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: शंभर टक्के कॉटन, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस (हलक्या खरखरीचा). उत्तर चुकीचं नाही. फक्त ते निसर्गचित्रं रंगवणाऱ्यांचं उत्तर आहे. घाटातलं धुकं ओल्यावर ओला रंग सोडत रंगवायचं आणि फ्रेम करून भिंतीवर लावायचं, तर हाच कागद घ्यावा. दिवाळी अंकातलं कथाचित्र, मुलांच्या पुस्तकातलं पान, पाककृतीशेजारची कोथिंबिरीची जुडी यांचं गणित वेगळं असतं. ही चित्रं एक दिवस स्कॅनरच्या काचेवर पालथी पडतात आणि वाचकाला दिसतात ती छापील. वाचक मूळ कागदाला कधी हातही लावत नाही. त्यामुळे इलस्ट्रेशनचा कागद ठरवताना आधी छपाईचा विचार करायचा आणि तिथून मागे येत दुकानात पोचायचं.

आधी चार प्रश्न

रेषा कशाने काढणार: पेन्सिल, टाक, फाइनलायनर, की रेषा नाहीच, सगळं ब्रशने? रंगाचे थर किती: एक हलका वॉश (पाणीदार रंगाचा हात), की एकावर एक पाच-सहा ग्लेझ (वाळलेल्या रंगावरचे पारदर्शक थर)? छापल्यावर चित्र किती मोठं दिसणार? आणि स्कॅन झाल्यावर मूळ चित्राचं काय: ते विकायचं आहे, प्रदर्शनात लावायचं आहे, की फडताळात जाणार?

शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं तर पैसे वाचतात. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं, पेनच्या रेषेवर दोन हलके वॉश एवढंच काम असलेलं चित्र चांगल्या सेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या, कागदावर निर्धास्त काढावं. कागद आम्लरहित असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतोही. ‘सेल्युलोज म्हणजे पिवळा पडणार’ हा समज वर्तमानपत्राच्या कागदावरून आला आहे. तिथे लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. जलरंगाच्या बऱ्या कागदात ते काढून टाकलेलं असतं.

माप

छापायच्या आकाराच्या सव्वापट ते दीडपट मोठं काढावं. लहान करताना रेषेतली थरथर आणि वॉशमधले बारीक डाग आवळले जातात. दुपटीच्या वर जाऊ नका, नाहीतर नाजूक रेषा छपाईत नाहीशा होतात.

इम्पिरियल शीट २२ × ३० इंच, म्हणजे साधारण ५६ × ७६ सेंमी असते. तिचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचे तुकडे होतात, आठ केले की ७.५ × ११ इंचांचे. हा आठवा हिस्सा सेंटिमीटरमध्ये १९ × २८ भरतो. घरातल्या ए-४ स्कॅनरची काच साधारण २१ × २९.७ सेंमीची असते, म्हणजे हा तुकडा तिच्यावर अख्खा बसतो आणि दोन स्कॅन जोडत बसावं लागत नाही. छोट्या चित्रांसाठी हे माप मला सगळ्यात सोयीचं वाटतं. पानभर चित्र असेल तर क्वार्टर (शीटचा चौथा हिस्सा) घ्यावी आणि ए-३ स्कॅनर असलेलं दुकान आधीच शोधून ठेवावं.

पान कडेपर्यंत रंगीत छापायचं असेल तर कापणीच्या रेषेबाहेर ३ मिमी चित्र जास्त लागतं. दीडपट काढत असाल तर ते साडेचार मिमी होतं. चारही बाजूंना टेप लावायला सेंटिमीटरभर जागा सोडा. हा सगळा हिशेब कागद कापण्यापूर्वी करायचा.

पृष्ठभाग: इथे घाई नको

कागदाचा लगदा साच्यावरून उचलल्यावर लोकरीच्या फेल्टमध्ये दाबतात. गरम रोलरखालून काढला की गुळगुळीत हॉट प्रेस होतो, थंड दाबला की हलक्या खरखरीचा कोल्ड प्रेस, आणि फेल्टचा ठसा ठळक राहू दिला की रफ. या खरखरीला बाजारात ‘ग्रेन’ म्हणतात. अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे जड कण ग्रेनच्या खळग्यांत बसतात आणि वॉशला दाणेदारपणा येतो. कोरडा ब्रश फिरवला तर फक्त उंचवटे रंगतात. निसर्गचित्रात दगड, लाटा, झाडाचं खोड यामुळे जवळजवळ आपोआप साधतं.

इलस्ट्रेशनमध्ये मात्र माणसाचा चेहरा कित्येकदा बोराएवढा असतो. त्यात डोळा काढायचा, भुवई काढायची. रफवर टाकाची निब प्रत्येक उंचवट्याला अडखळते, तंतू उचकटते, आणि तंतू अडकलेल्या निबमधून शाईचा ठिपका पडतो. फाइनलायनरचं टोकही लवकर झिजतं. म्हणून रेषाप्रधान कामाला, म्हणजे व्यंगचित्र, नकाशा, वेशभूषेचे तपशील, वनस्पतिचित्र यांना, हॉट प्रेस घ्या. वनस्पतिचित्रं काढणारे बहुतेकजण हॉट प्रेसवर काम करतात ते पाकळीवरची शीर एका केसाच्या ब्रशने काढायची असते म्हणून.

हॉट प्रेसचा तोटाही ऐकून घ्या. त्याच्यावर पाणी साचून राहतं, रंगाच्या कडा पटकन कडक होतात, आणि मोठं आकाश एकसारखं उतरवणं अवघड जातं. चूक लपवायला ग्रेन नसतं. हात बसेपर्यंत हा कागद रडवतो.

मृदू वॉशमधली मुलांची पुस्तकं, पेन्सिलीच्या रेषेवर रंग, धूसर पार्श्वभूमी अशा कामाला कोल्ड प्रेस बरा. पण ‘कोल्ड प्रेस’ या नावाखाली प्रत्येक गिरणीचं ग्रेन निराळं असतं. एकाचं जवळजवळ रफसारखं, तर दुसऱ्याचं हॉट प्रेसच्या जवळ जाणारं. पॅकवरचा शब्द वाचून ठरवू नका. कागद खिडकीपाशी तिरका धरा, बाजूने उजेड येऊ द्या आणि ग्रेन डोळ्यांनी पाहा. ठसा जाळीसारखा एकसुरी असेल तर तो कागद मी घेत नाही. ती जाळी छपाईत चित्राच्या आधी दिसते.

स्कॅनर नेमकं हेच करतो. त्याचा दिवा एका बाजूने पडतो, म्हणून ग्रेनच्या प्रत्येक खड्ड्याची बारीक सावली येते आणि पांढरा कागद करडा, ठिपकेदार दिसायला लागतो. फिकट वॉश त्यात हरवतात. उपाय एक आहे: चित्र एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करायचं, मग दोन्ही प्रती एकमेकींवर बसवून दुसरीची पारदर्शकता निम्मी करायची. सावल्या एकमेकींना बऱ्याच पुसतात. पण तीसेक चित्रांच्या पुस्तकासाठी हे करत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच बारीक ग्रेनचा कागद घेतलेला परवडतो. आणखी एक गोष्ट: घरगुती पातळ स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचे असतात, काचेपासून जरा वर उचललेला भाग त्यांना धूसर दिसतो. फुगलेला कागद तिथे चालत नाही. सीसीडी स्कॅनर याबाबतीत उदार असतात.

कापूस, लाकूड आणि सायझिंग

कॉटनचे तंतू लांब आणि चिवट असतात. ते पाणी आत घेतात आणि हळूहळू सोडतात. रंग तंतूंच्या वरच्या थरात पकडला जातो, त्यामुळे वाळल्यावर दुसरा थर दिला तरी खालचा सहसा हलत नाही. लाकडाच्या सेल्युलोजवर रंग जास्त करून वरच बसतो. म्हणून तो ओल्या ब्रशने सहज उचलता येतो, म्हणजे दुरुस्ती सोपी. पण त्याच कारणाने तिसऱ्या ग्लेझला खालचे दोन थर विरघळून चिखल होतो. तुमची पद्धत एक-दोन थरांची असेल तर सेल्युलोज पुरेसा आहे. ग्लेझवर ग्लेझ चढवत असाल तर कॉटनशिवाय पर्याय नाही. २५ टक्के कॉटनचे कागद मधले. सरावाला बरे, पण त्यांच्याकडून पूर्ण कॉटनची अपेक्षा ठेवू नये.

याहून महत्त्वाचं आहे सायझिंग, आणि दुकानदार त्याबद्दल क्वचितच बोलतात. सायझिंग नसलेला कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. म्हणून लगद्यात आणि कधी वरूनही जिलेटिन किंवा कृत्रिम सायझिंग देतात. फ्रान्समधल्या वोज भागातल्या आर्श गिरणीचा कागद जिलेटिनने सायझिंग केलेला असतो, इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा साँडर्स वॉटरफर्डही. इटलीतल्या फाब्रियानोचा आर्टिस्टिको प्राणिज सायझिंगविना बनतो. जिलेटिन नको असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. फाब्रियानो गावाचा यातला वाटा जुना आहे: प्राणिज जिलेटिनने सायझिंग करणं आणि कागदात जलचिन्ह उमटवणं या दोन्ही गोष्टी तिथल्या कागदगिरण्यांनी तेराव्या शतकात रुळवल्या.

कडक सायझिंगच्या कागदावर वॉटरप्रूफ शाईसुद्धा पटकन मुरत नाही, पृष्ठभागावर वाळत बसते. बोटाला कोरडी लागते, पण वर वॉश फिरवला की करडा ओघळ येतो. दोष शाईला दिला जातो, पण शाईला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. अशा कागदावर रेषा आदल्या दिवशी काढून ठेवावी.

वजन

याबद्दल फार डोकं चालवायची गरज नाही. क्वार्टर किंवा त्याहून लहान चित्राला ३०० जीएसएम पुरे. टेपने बोर्डाला चिकटवला की बहुधा सपाट वाळतो. परदेशी पॅकवर तोच आकडा १४० पौंड असा दिसतो. पौंडाचा आकडा ५०० शीटच्या गठ्ठ्याचं वजन सांगतो आणि शीटच्या मापावर अवलंबून असतो, म्हणून जीएसएमच पाहावा.

त्याहून पातळ कागदावर भरपूर पाण्याचं काम करायचं तर स्ट्रेच करावा लागतो: थंड पाण्यात काही मिनिटं भिजवायचा, प्लायच्या बोर्डावर पसरायचा, पाणी लावून चिकटणाऱ्या तपकिरी गम टेपने चारही कडा बांधायच्या आणि आडवा वाळवायचा. पाणी गरम घेऊ नका, जिलेटिन निघून जातं.

६४० जीएसएमचा जाड कागद पाहून मोह होतो. पण इलस्ट्रेशनमध्ये कच्चं रेखाटन बऱ्याचदा एलईडी लाइट पॅडवर ठेवून उतरवतात. अंधाऱ्या खोलीत ३०० जीएसएममधून रेषा दिसते, ६४० मधून नाही. मग ग्रॅफाइट लावलेल्या कागदावरून रेषा गिरवावी लागते. कचेरीतला कार्बन पेपर यासाठी वापरू नका, त्याचा मेणचट थर पाण्याला दाद देत नाही.

कागदाचा पांढरा

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. आर्श, वॉटरफर्ड, आर्टिस्टिको तिन्ही दोन छटांत मिळतात: एक किंचित पिवळसर, एक स्वच्छ पांढरी. छपाईसाठी मी स्वच्छ छटा घेईन, कारण पिवळसर पार्श्वभूमी संगणकात पांढरी करताना फिकट पिवळे आणि गुलाबी रंगही धुऊन निघतात.

फार झगझगीत पांढऱ्या कागदाकडे मात्र संशयाने पाहा. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असू शकतं. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली असा कागद निळसर चमकतो. काळाने ही चमक उतरते आणि मूळ पिवळसरपणा वर येतो. चित्र फक्त छापायचं असेल तर काही बिघडत नाही. मूळ चित्र विकायचं असेल तर टाळा.

चाचणीची पट्टी

दोन-तीन कागद हेरले की प्रत्येकाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, मागे पेन्सिलीने नाव लिहा आणि सगळ्यांवर एकाच क्रमाने हे करा.

पेन्सिलीच्या चार गडद रेषा काढून अर्ध्या खोडून टाका आणि त्या जागेवर वॉश द्या. खोडलेल्या जागी रंग गडद उतरला तर रबराने सायझिंग खरवडलं आहे. पुटी रबर (मळता येणारं मऊ खोडरबर) वापरून पुन्हा पाहा. मग तुमच्या नेहमीच्या पेनाने रेषा काढा. एकीवर दहा मिनिटांनी, दुसरीवर तासाभराने, तिसरीवर दुसऱ्या दिवशी पाणी फिरवा. त्या कागदावर शाईला किती वेळ द्यायचा ते समोर येतं.

पुढे अल्ट्रामरीनचा सपाट वॉश, शेजारी ओल्या जागेत दोन रंग. कडा किती वेळ मऊ राहतात ते घड्याळात पाहा. एका चौकोनात पूर्ण वाळवून वाळवून तीन ग्लेझ द्या. वाळलेल्या रंगाचा एक पट्टा ओल्या ब्रशने उचलून पाहा, पण त्यासाठी थॅलो ब्लू घेऊ नका. तो रंगच डाग सोडणारा आहे, कागदाचा दोष नसतो.

मास्किंग फ्लुइडचा (कागद पांढरा राखायला लावतात त्या रबरी द्रवाचा) ठिपका वाळवून घासून काढा आणि टेप लावून सोलून बघा. मऊ सायझिंगच्या कागदाचा पापुद्रा इथेच निघतो. टेप तिरकी, आडवी, सावकाश ओढायची. चिवट असेल तर हेअर ड्रायरने जरा कोमट करून घ्यावी. फ्लुइडवर मात्र ड्रायर मारू नये, ते कागदात घट्ट बसतं.

शेवटची चाचणी बहुतेकजण करत नाहीत: सगळ्या पट्ट्या एकत्र स्कॅन करा आणि छापायच्या आकारात पाहा. हाताला लाजवाब वाटलेला कागद पडद्यावर मळकट दिसतो आणि बेताचा वाटलेला बाजी मारतो, हे नेहमी घडतं. निकाल पडद्यावरचा धरायचा. छापायच्या आकाराला किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मिळेल अशा बेताने स्कॅन घ्या.

हवा

परदेशी मार्गदर्शनात हा मुद्दा क्वचितच सापडतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये कॉटनचा ओला कागद वाळता वाळत नाही. दोन ग्लेझच्या मध्ये इतका वेळ जातो की डेडलाइनच्या कामाला चटकन वाळणारा सेल्युलोज सोयीचा ठरतो. उलट मे महिन्यात नागपुरात वॉश ब्रशखालीच सुकतो. तिथे सेल्युलोजवर मऊ कडा मिळवणं कठीण, पाणी धरून ठेवणारा कॉटन कामाला येतो. तेच चित्र, तोच चित्रकार, पण गाव आणि ऋतू बदलला की कागदही बदलू शकतो.

दमटपणाचा मोठा धोका साठवणीत असतो. ओल लागून जिलेटिनचं सायझिंग जागोजागी मरतं. कोरड्या कागदावर काहीच दिसत नाही. वॉश दिला की गडद ठिपके उमटतात, रंग तिथे आत शोषला जातो. म्हणून पावसाळ्यानंतर जुना साठा काढलात तर कोपऱ्यावर पाणीदार वॉश देऊन बघा. शीट प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडव्या ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. जिलेटिन कसरीलाही आवडतं.

सायझिंग मेलेला महाग कागद टाकून देऊ नका. लिटरभर पाण्यात २० ते ३० ग्रॅम साधं जिलेटिन आधी थंड भिजवायचं, मग कोमट करून विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही. रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावून कागद पूर्ण वाळवायचा. नव्यासारखा होतो असं नाही, पण वॉश धरतो.

हातकागद

पुण्याची हातकागद संस्था शिवाजीनगरला आहे आणि चिंध्या-कापडाच्या लगद्याचा कागद आपल्याकडे मुबलक मिळतो. त्याच्या तंतूंना ठरावीक दिशा नसते, कडा सुंदर असतात आणि तो कापसाचा असूनही आयातीच्या मानाने स्वस्त पडतो. अडचण एवढीच की बराचसा हातकागद फाइल, पाकिटं, लग्नपत्रिका यांसाठी बनतो. सायझिंग नावाला असतं. विकत घेताना ‘जलरंगासाठी सायझिंग केलेला आहे का’ हे स्पष्ट विचारा आणि एकच शीट आणून वर सांगितलेली चाचणीची पट्टी काढा. एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीट वेगळ्या वागू शकतात. सुट्या चित्रात त्याची मजा येते, पण तीस पानांच्या पुस्तकात एका पानावरची साडी नि दुसऱ्या पानावरची साडी जुळत नाही. जिलेटिनचा वर सांगितलेला हात इथेही चालतो.

खरेदी

अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर हाताळून पाहता येतं, ऑनलाइन येत नाही. म्हणून पहिल्यांदा हाताळून, नंतर हवं तर ऑनलाइन. सुट्या फुल शीट आणून घरी कापणं पॅडपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. चारही कडा चिकटवलेला ब्लॉक प्रवासात सोयीचा, पण वरचं चित्र पूर्ण वाळल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही. चार चित्रं एकदम फिरवणाऱ्या इलस्ट्रेटरला तो जाच होतो.

नवशिक्यांना मी जाड सेल्युलोज पॅडऐवजी एक कॉटन शीट आणि तिचे आठ तुकडे सुचवीन. कच्ची रेखाटनं कशावरही करा, पाठकोऱ्या कागदावरही. रंगाचे प्रयोग मात्र ज्या कागदावर अंतिम चित्र होणार त्याच्याच कापलेल्या पट्ट्यांवर करा. सेल्युलोजवर बसलेला हात कॉटनवर पाण्याचा अंदाज चुकवतो.

पुस्तकाचं काम घेतलंत तर सगळ्या शीट एकदम, एकाच लॉटमधल्या घ्या. हिशेबापेक्षा तीन-चार जास्त आणा आणि त्यातली एक न कापता बाजूला ठेवा. ‘चित्र छान झालंय, फक्त आजीच्या हातातली पिशवी काढून छत्री दाखवाल का?’ असा निरोप प्रकाशकाकडून सगळं दिल्यानंतर दीड महिन्याने येतो.